पलीकडचं घर

गोदावरीच्या काठावर आमची दोन गावं समोरासमोर आहेत. मधे नदी आणि एक बुटका पूल. जुनी माणसं सांगत, मुळात गाव एकच. एका पुरात निम्मी घरं गेली, ती माणसं पलीकडच्या उंचवट्यावर राहायला गेली. म्हणून अजूनही या दोन गावांत सोयरीक होत नाही, आणि सोयीही एकत्रच मोजतात.

पुतण्यासाठी पोखर्णीकडचे पाहुणे घर बघायला आले, तेव्हा थोरल्या भावाने सवयीप्रमाणे सगळं सांगून टाकलं. दहावीपर्यंत शाळा, बँक, दवाखाना, आठवडी बाजार, पालमला जायला एसटी. शेती करणाऱ्या पोराला आता कोणी मुलगी देत नाही, त्यामुळे हे स्थळ हातचं जायला नको होतं. पण चुकीचा हिशेब माझ्या कानांना सोसत नाही. मी म्हणालो, "यातली शाळा आणि एसटी अलीकडं. बाकी सगळं पलीकडं."

भावाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बशीतल्या पोह्यांकडे बघू लागलो.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, पूल पाण्याखाली जातो का? जातो, मी सांगितलं, भादव्यात दोन-चारदा तरी.

"मग अडलेली बाई दवाखान्यात कशी न्यायची?"

"न्यायची कशाला? ती आधीच तिकडं असती," वहिनी आतून म्हणाल्या.

मग बाहेर येऊन त्यांनीच समजावलं. अलीकडच्या प्रत्येक घराचं पलीकडे एक घर ठरलेलं आहे. तसंच त्यांचं इकडे. पूल बुडाला की अडकलेला माणूस त्या घरी जेवतो, झोपतो. पावसाळ्यात दिवस भरत आले की सून तिकडेच राहायला जाते. पुतण्याही तिकडेच जन्मला.

मुलीची आई उठली. "मग ते घर बी दाखवा की."

सगळे पूल ओलांडून गेलो. तिथल्या काकू दारातच म्हणाल्या, "पोरगं बघायचं सोडून मलाच बघायला आलाव का?"

आईने न्हाणी बघितली, ओसरीवरून दवाखाना दिसतो का तेही बघितलं, आणि काकूंच्या शेजारी बसली ती बसलीच. वडिलांनी निघायची घाई केली, तेव्हा म्हणाली, "बोलणी करायला परत तिकडं कशाला जायचं? हितंच बसू."

भावाने पंचांग आणायला मलाच पिटाळलं.