टॉवेल उशिरा झटकला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. तिला तर सगळंच सांगायचो — कुणाशी भांडलो, कुणाचा डबा खाल्ला, सगळं. ही एवढी एकच सोडून. ती गेली, तेव्हाही नाही. मग आज तुम्हाला का सांगतोय? मलाच नीट कळलेलं नाही. स्वतःची चीड येते, एवढंच. इतकी वर्षं झाली तरी उतरत नाही.

मी चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका कॉलेजात फुटबॉलचा सहायक कोच होतो. पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. मुख्य कोच ते ‘मोठे सर’, मी ‘छोटे सर’. मोठ्या सरांकडे फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारे. माझ्याकडे बचाव — हाफबॅक, दोन फुलबॅक आणि गोलकीपर. आता तुम्हीच सांगा, गोल झाला नाही म्हणून कधी कुणी कुणाला हार घातलाय? गोल केला की पोराला खांद्यावर घेऊन गावाच्या परकोटापर्यंत मिरवायचे. गोल अडवला तर ‘बरं झालं’ म्हणत शेंगदाणे खायला मोकळे. आणि गोल खाल्ला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. सहा वर्षं मी हे गिळलं. मोठे सर नागपूरला जाणार अशी कुणकुण होती आणि त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा होता. नाही कशाला म्हणू?

लहानू चामोर्शीकडचा. घरचे तळ्यात मासे धरणारे, थोडी धानाची शेती. अनवाणीच खेळायचा. बूट घातले की पाय सापडत नाहीत, म्हणायचा. खेळतो म्हणून त्याला हॉस्टेलात जागा मिळाली होती; ती होती तोवरच शिक्षण, कारण चांद्यात त्याचं दुसरं कुणी नव्हतं. माझा डावा फुलबॅक. असा बॅक मला पुन्हा मिळाला नाही — आणि हे मी त्याला एकदाही बोललो नाही.

ऑफसाइडचा डाव मला त्याच्यामुळे सुचला, हेही सांगून टाकतो. त्यांच्याकडे तळ्यात जाळं ओढतात, तेव्हा दहा-बारा माणसं रांगेत उभी राहतात. काठावरचा म्हातारा हात करतो आणि सगळे एकदम पाऊल टाकतात. एक जरी मागे राहिला तर तेवढ्या फटीतून मासळी निसटते. हात झाला की मधेच विचारायचं नाही, थांबायचं नाही. मला हेच हवं होतं. समोरचा चेंडू पुढे मारणार, त्याच्या जरा आधी आपले दोन्ही बॅक एकदम पुढे सरकले की त्यांचा फॉरवर्ड मागे एकटा सापडतो — ऑफसाइड. मात्र चेंडू सुटल्यावर सरकलात तर संपलं. मग त्याच्यासमोर फक्त गोलकीपर.

लहानू म्हणाला होता, “सर, मले तिथून चांगलं दिसते. कवा सरकायचं ते मीच पाह्यतो ना.”

बरोबर होतं त्याचं. पण तोच ठरवणार, तर मी कशाला? मी म्हटलं, इशारा माझा. खांद्यावरचा टॉवेल झटकला की सरकायचं. बाहेरून असा इशारा करणं नियमात बसत नव्हतं, म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी शपथही घातली. मोठ्या सरांना ठाऊक नव्हतं. उजव्या बॅकलाही नाही. तो बिचारा लहानूकडे पाहून सरकायचा.

आणि मग नागपूरच्या टीमशी फायनल, आमच्याच मैदानावर. शेवटची पाच-सात मिनिटं, दोन्हीकडे गोल नाही. क्रीडा समितीचे अध्यक्ष खुर्चीतून उठून माझ्याशेजारी आले. पुढचा कोच कोण, हे त्यांच्या हातात. म्हणाले, बचाव चांगला बांधलाय तुम्ही. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं हो! मी मैदानाकडे पाठ करून त्यांना सांगत बसलो — कुणाला कसं उभं केलं, कोण माझ्या हाताखाली कसा तयार झाला. मागे आरडाओरडा झाला तेव्हा वळलो. चेंडू त्यांच्या हाफबॅकच्या पायातून सुटला होता. सुटलेला मी पाहिला — हे नीट ऐका — पाहिला, आणि तरी टॉवेल झटकला. का? घाबरलो? की डाव माझा आहे हे अध्यक्षांना दाखवायचं होतं? काहीही म्हणा, हात माझाच होता.

लहानू सरकला. गोल झाला. आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत मोठे सर त्याच्यावर कडाडले, जागा का सोडलीस? लहानूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलाची घडी करत होतो. “माह्यानं चुकलं सर,” तो म्हणाला.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. अजून सांगायचंच आहे — आणि मघापासून मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

आठवड्यानं समितीची बैठक झाली. लहानूला टीममध्ये ठेवायचं की नाही? मोठे सर रागावलेले होते, पण म्हणाले, एक संधी देऊ. अध्यक्षांनी मला विचारलं. बचाव माझा, तेव्हा शब्दही माझाच चालणार होता. मी म्हणालो, “पोरगा ताकदीचा आहे. पण सांगितलेलं ऐकत नाही.”

लहानूबद्दल. सगळ्या टीममध्ये जो एकटा माझं ऐकायचा, त्याच्याबद्दल.

टीममधली जागा गेली, तशी हॉस्टेलचीही गेली. परीक्षेआधीच तो ट्रंक घेऊन चामोर्शीला परतला. पुढल्या वर्षी मी मोठा सर झालो आणि तळ्यातल्या जाळ्याची गोष्ट नव्या पोरांना स्वतःची म्हणून सांगू लागलो.

दोन वर्षांनी खेळाडू शोधत चामोर्शीला गेलो होतो. आठवडी बाजारात तो मासे घेऊन बसलेला. मला पाहताच उठून उभा राहिला. बायकोला म्हणाला, हे माहे सर. मला बसायला स्वतःचं पोतं दिलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मला राहवेना. मी विचारलं, त्या दिवशी टॉवेल उशिरा झटकला होता, दिसलं नव्हतं का तुला?

“दिसलं होतं ना सर. चेंडू सुटला होता.”

“मग सरकलास का?”

“हात झाला का थांबत नाई सर आमी.” पळसाची पानं पुढे ओढत म्हणाला, “मिटिंगीत तुमी माह्याकडून बोलले असान. ठाऊक आहे मले. मोठ्या सरानं आयकलं नसन.”

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं दोन मरळ पळसाच्या पानांत बांधून हातात दिल्या. त्या मी घरी आणल्या, बायकोनं रांधल्या आणि मी पोटभर जेवलो.