डबा आला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर — नाहीच. आईला जाऊन वर्ष झालं. परवा वर्षश्राद्ध घातलं. जो तो म्हणत होता, तू आईचं फार केलंस. मी हो हो करत आमटी वाढत होते.

आईची ओळख आधी करून देते. पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू वावरात तिचा जन्म गेला. बाजरी, हुलगे, मटकी — पाऊस देईल ते. मला नगरला कॉलेजात ठेवायला घरात कुणी तयार नव्हतं. ती एकटी तयार होती, आणि ती तयार असली की बाकीच्यांचं काही चालत नसे. मी दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिले. रोज सकाळच्या एसटीने माझा डबा यायचा. तेव्हा आमच्याकडे तशी पद्धतच होती. फाट्यावर आई फडक्यात बांधलेला डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची, तो नगरच्या स्टँडवर एका कट्ट्यावर ठेवायचा, तिथून मी उचलायचा. चिठ्ठी नाही, पावती नाही, सगळा कारभार विश्वासावर. गाडीवर शंकरमामा असायचे.

आई कुणाला वाईट बोलत नसे. बांधावरून भांडायला आलेल्या माणसाला ती आधी चहा द्यायची, मग त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. माझी लेक म्हणते, आजीला चिडलेली मी कधी पाहिलीच नाही. मी पाहिली आहे. एकदा.

कसं सांगू? — सरळच सांगते. मला त्या डब्याची लाज वाटायची. फडक्यावर तेलाचे डाग, शेंगोळ्यांना लसणाचा वास, आणि ते गाठोडं घेऊन कॉलेजच्या मुलींसमोरून चालायचं. एका गुरुवारी मैत्रिणीकडे वाढदिवस होता. मी डबा आणायला गेलेच नाही. शुक्रवारी गेले तर कट्ट्यावर फक्त त्या दिवसाचा डबा होता. आदल्या दिवशीचा कुणीतरी उचलून नेलेला. पितळी होता, आईच्या माहेरचा.

शनिवारी घरी गेले. तिने विचारलं, पितळी डबा कुठंय? मी म्हणाले, गुरुवारी डबा आलाच नाही. मग खाल्लंस काय? — काही नाही, मी म्हणाले. खोट्यात एवढी भर घालायची काय गरज होती? पण घातली.

सोमवारी आम्ही दोघी फाट्यावर आलो. मी गाडीत चढून खिडकीजवळ बसले. आई गाडीपुढे उभी राहिली. गाडी भरलेली.

“माझं लेकरू दिसभर उपाशी ऱ्हायलं. तिच्या तोंडचा घास कुनाला दिला तुमी?”

“बाई, मी डबा ठिवला हुता,” शंकरमामा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काय होतं? बाभळी होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुणाचाच डबा घेतला नाही. गावातली आणखी तीन-चार पोरं नगरला शिकत होती, त्यांचेही डबे बंद झाले. आई आठवड्यातून दोनदा खुरपणी टाकून स्वतः यायची, वाळल्या तरी खाता येतील अशा भाकरी घेऊन. त्या खाऊन मी शिकले, शिक्षिका झाले. वर्गात मुलांना सांगते, खरं बोलावं.

शेवटचे महिने आई नगरला माझ्याकडे होती. माझी लेक तिची वेणी घालायची, औषधं द्यायची. एका दुपारी आम्ही दोघीच होतो, तेव्हा ती मधेच म्हणाली, “त्या डायव्हरला लई बोलले गं मी. मानूस तसा वंगाळ नव्हता. चुकलं का माझं?”

इतकी वर्षं ते तिच्या मनात होतं. खरं माझ्या जिभेवर आलं होतं — आलं होतं का? की आता तसं वाटून घेतेय? मी तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, “नाही आई, तुझं बरोबर होतं.” ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पहिलं खोटं मी घाबरून बोलले होते. हे चांगलं समजून-उमजून बोलले.

दहाव्याला गावच्या ओढ्याकाठी भावाने पिंड ठेवला, आणि तो मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. कुणाकुणाला तास तास ताटकळावं लागतं, हात जोडून वचनं द्यावी लागतात. आमचं मिनिटात झालं. बायका म्हणाल्या, म्हातारीची काही इच्छा राहिली नाही. मी मान हलवली.

गर्दीच्या कडेला शंकरमामा होते. काठी टेकत आले होते. मला म्हणाले, “माऊली हुती तुझी आई. माझ्याशी भांडली, पन लेकरासाठी भांडली. आईनं भांडावंच.” मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते प्यायले, तांब्या परत दिला, आणि मी तो घेऊन बायकांत जाऊन बसले.

डबा आला होता. शंकरमामांनी तो कट्ट्यावर ठेवला होता. मी न्यायला गेले नाही.

ते अजून आहेत. फाट्याजवळ लेकाकडे राहतात. इथून तासाभराचा रस्ता आहे. मी अजून गेलेले नाही.