दोरीला लागलेले हात

“दोरीक हात लाव, वाटो तुझो.”

असे म्हणून तो दोरीचे टोक समोरच्यापुढे धरायचा, दोन्ही तळहातांवर, देवळात प्रसाद देतात तसे. समोर कोण आहे हे बघायची त्याला गरज वाटत नसे. सहज फिरायला आलेला पाहुणा असो, आदल्या दिवसाची अजून न उतरलेला कोणी असो, वाटा सगळ्यांना होता.

रापण तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, मोठा वळसा घालून परत येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि वाडीतली माणसे दोन रांगांत उभी राहून त्या ओढतात. ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीत वाटा मिळतो. किती ओढले हे कोणी विचारत नाही. आणि मिळालेला वाटा नको म्हणायचा नसतो. समुद्राने दिलेले परत करणे आमच्याकडे फार वाईट समजतात.

त्याचे नाव मी लिहिणार नाही. ते आता चौकाचौकातल्या फलकांवर आहे. तुम्हीही असा एखादा माणूस वाढताना पाहिला असेल. त्याचे नाव इथे घातले तरी चालेल.

मी कुडाळकडची, भातशेतीच्या घरातली. लग्न होऊन या वाडीत आले, इथल्याच शाळेत लागले. तेव्हा मला समुद्र लांबूनच आवडायचा. एका सकाळी वाळूत पुस्तक वाचत बसले होते. रापण लागली होती. हा रांगेतून निघून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वयाने माझ्याहून थोडा लहान, कमरेला टॉवेल, अंगावर वाळलेले मीठ.

“बाईनू, बुक ठेवा. दोरीक हात लावा.”

“मला नाही ओढता येत.”

“ओढूक कोण सांगता? हात लावा.”

मी दोन बोटे लावली. रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. दुपारी माडाच्या पातीत ओवलेले बांगडे घेऊन तो आमच्या दारात हजर. “अरे, मी काहीच केले नाही,” मी म्हणाले. तो गुरुजींकडे वळला. “गुरुजीनू, तुमची बायल लय शिकलेली दिसता. वाटो नको म्हणता!”

गुरुजी म्हणजे माझे यजमान. तेही त्याच शाळेत शिकवायचे. सगळी वाडी त्यांना गुरुजी म्हणायची, म्हणून हळूहळू मीही म्हणू लागले.

जाळे वर आले की मासळी वाळूत ओतायची आणि तिचे वाटे हा घालायचा. आधी एकट्या राहणाऱ्या बायकांचे, मग म्हाताऱ्यांचे, मग बाकीच्यांचे. स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा. कोणी कुरकुर केली तर “माझ्यातलो घे रे, पण थोबाड बंद कर” म्हणून स्वतःतले दोन बांगडे त्याच्या टोपलीत टाकायचा. मला तो फार आवडायचा. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे वाचून तुम्हाला वाटेल की तो मुळातच वाईट होता. तसे असते तर मला हे लिहिणे सोपे गेले असते.

मग खोल पाण्यात मोठ्या बोटी आल्या. पाण्यात दिवे सोडून त्या तिथल्या तिथे मासळी गोळा करू लागल्या. इकडे सकाळभर दोरी ओढावी तर जाळ्यात जेलीफिश आणि बाटल्या. तो वाटे घालायला वाळूत उकिडवा बसायचा आणि त्याचे हात तसेच राहायचे. एकदा त्याने बाटल्यांचेच वाटे घातले. सगळे हसले. तो हसला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खाडीत पंप बसवलेली एक होडी दिसू लागली. तळाची वाळू ओढून ती काठावर टाकायची, आणि काठावरून डंपर भरून जायचे. पंप बाहेरच्या एका माणसाचा होता, हा नुसता लक्ष ठेवायला. वर्षभराने पंप याचा झाला. बाहेरचा माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्याबद्दल कोणी विचारले नाही.

त्याची रीत मात्र तीच राहिली. ज्याच्या जमिनीतून डंपर जातो त्याला वाटा. तालुक्याहून येणारी जीप ज्याच्या पडवीतून दिसते त्याला वाटा, एक फोन करण्यापुरता. चहाच्या टपरीवाल्याला वाटा, काही न बघण्याचा. “दोरीक हात लाव, वाटो तुझो,” एवढेच तो म्हणायचा, आणि वाडीने हात लावला. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. वाडवडिलांपासून आम्ही हेच करत आलो होतो. हात लावायचा, मिळेल ते घ्यायचे, जाळ्यात काय आले आणि कुठून आले हे समुद्र जाणे. आमच्या सगळ्यांत चांगल्या रीतीचा हात धरून तो वर चढला. दुसरी कुठली शिडी त्याला लागलीच नाही.

जत्रेतल्या दशावताराचा खर्च त्याचा झाला. देवळाचा मंडप त्याचा, गावची रुग्णवाहिका त्याची. वाळूनंतर गोव्याची दारू आली, दारूनंतर जमिनी. शेजारच्या किनाऱ्यावर एकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या, दोन होड्याही ठेवल्या होत्या. हा स्वतः ती जागा मागायला त्याच्याकडे गेला. त्या माणसाने हात जोडून नाही म्हटले. थोड्याच दिवसांत दोन्ही होड्या किनाऱ्यावर उभ्या उभ्या जळाल्या. मग यानेच त्याला नव्या होड्या घेऊन दिल्या. पुढच्या जत्रेत तो माणूस आरतीला याच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझी नजर गेली तेव्हा त्याने मान देवाकडे वळवली.

वाडी त्याला शेट म्हणू लागली. मी आपली ‘अरे’च म्हणत राहिले, आणि त्याला ते आवडायचे. एकदा बाजारात गाडी थांबवून, काच खाली करून म्हणाला, “आई गेल्यापासून माका ‘अरे’ म्हणणारी तुमीच एक उरलात, बाईनू.” गाडीत पुढे-मागे बसलेले दांडगे लोक माझ्याकडे टकमक बघत होते. मला त्याची कीव आली. आजही ते वाक्य आठवले की येते, आणि मग माझाच मला राग येतो.

आमचे घर खाडीच्या काठावर आहे. वाळू निघू लागली तसा काठ खचू लागला. आधी विहिरीचे पाणी मचूळ झाले, मग खारट. मग सासऱ्यांनी लावलेले माड कलंडू लागले. सकाळी उठून बघावे तर एखादा माड खाडीत आडवा, झावळ्या पाण्यात, शहाळी शेंड्याला तशीच. माड पडतो तेव्हा घरातली भांडी वाजतात. त्या आवाजाची आम्हाला सवय झाली.

गुरुजी भांडणारे नव्हते. वर्गात मुलांवर ओरडायचे झाले तरी आधी खिडकी लावून घ्यायचे. ते तालुक्याला जाऊन आले, जिल्ह्याला जाऊन आले. सगळीकडे त्यांना चहा मिळाला. मग एके दिवशी त्यांनी पडवीतली लाकडी खुर्ची उचलली, वाडीच्या तोंडाशी नेऊन वाटेच्या मध्यभागी ठेवली आणि पेपर वाचत बसले. डंपर आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. गुरुजींनी पान उलटले.

दुपारी हा आला. गाडी लांब उभी करून चालत आला आणि खुर्चीशेजारी धुळीत उकिडवा बसला, पूर्वी वाटे घालायला बसायचा तसा. मी फाटकात उभी होते.

“गुरुजीनू, ह्या काय आरंभल्यात?”

“पेपर वाचतोय.”

“पडयेत बसान वाचा. उनात डोळे जातले.”

“पडवी अजून किती दिवस आहे ते तूच सांग.”

तो हसला. “तुमचो वाटो मी कधी चुकवलंय? तुमीच घेवक नाय.”

“माझा हात दोरीला नाही.”

“मगे लावा.”

“नाही.”

तो बराच वेळ धुळीत बोटाने रेघा मारत राहिला. “ह्या गावात दोरीक हात लावूचो नाय म्हणणारो मी अजून बघूक नाय.”

“मग बघ आता,” गुरुजी म्हणाले. “सावकाश बघ.”

दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस एक भली मोठी छत्री घेऊन आला, समुद्रावर पर्यटकांसाठी लावतात तसली, लाल-पिवळी. मी म्हटले, परत पाठवा. गुरुजी म्हणाले, “छत्रीवर कशाला राग?” मग रोज सकाळी लाल-पिवळ्या छत्रीखाली गुरुजी बसलेले असायचे. येणारे-जाणारे थट्टा करायचे. “गुरुजीनू, तिकीट खंय गावता?” गुरुजीही हसायचे. काही डंपर परत जायचे, काही लांबच्या रस्त्याने. त्या दिवसांत एकही माड पडला नाही. गुरुजी रात्री मला म्हणायचे, “जमतंय बघ.”

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. मोठा आवाज झाला, भांडी वाजली. मला वाटले, आणखी एक माड पडला. मी हातातले काम पुरे करून बाहेर आले. वाऱ्याने उघडी छत्री वाटेवरून गडगडत आमच्या फाटकाकडे येत होती.

वाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना घरे आहेत, सगळ्यांच्या पडव्या वाटेकडे. सकाळच्या वेळी पडवीत कोणी ना कोणी असतेच. पोलीस घरोघर गेले. शेजारच्या इंदूवहिनी, ज्यांच्याशी माझे साखर-चहापत्तीचे देणे-घेणे, त्या म्हणाल्या, “आमी भितुर होतंव. मी चूल पेटवी होतंय.” वहिनींच्या घरी चूल पेटून कितीतरी वर्षे झाली आहेत. पोलिसांनाही समोर गॅसची टाकी दिसत होती. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी, सगळे भितुर होते. डंपरचा ड्रायव्हर नवा होता, ब्रेक लागला नाही, एवढे ठरले. तो आपल्या मुलखात निघून गेला. तो मुलूख कुठला, हे कोणाला सांगता आले नाही.

हा दुपारी आला, अनवाणी. गुरुजींच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. मी शाळेत आयुष्य घालवले आहे, मला खोटे रडणे ओळखता येते. ते खोटे नव्हते.

“बाईनू, मी असा करूक सांगूक नाय होतंय,” तो म्हणाला. “मी फक्त सांगलंय, वाट मोकळी करा.”

पुढे हे मी पोलिसांना सांगितले तेव्हा लिहिणाऱ्याचे पेन थांबले. “तो दुःखात काहीतरी बोलला असेल, बाई,” तो म्हणाला. समजूत घातल्यासारखे म्हणाला.

गुरुजींना उचलायला वाडीतले पुरुष पुढे झाले. त्यांत एकही असा नव्हता ज्याचा हात त्या दोरीला लागला नव्हता. हाही खांदा द्यायला वाकला. “अरे, सोड,” मी म्हणाले. सगळ्यांनी ऐकले, त्यानेही ऐकले. त्याने सोडले नाही.

नंतर तो हायवेजवळच्या नव्या बंगल्यात राहायला गेला. फलकांवर मोठ्या माणसांच्या शेजारी त्याचा चेहरा येऊ लागला. गेल्या जत्रेला मात्र त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने रापण लावायला सांगितली. कोणाच्या तरी माळ्यावरून जाळे काढले, भोके शिवली. सगळी वाडी दोन रांगांत उभी राहिली. मीही गेले. का गेले, मला सांगता येत नाही. कदाचित त्याला पुन्हा तसा बघायचा होता.

त्याने सदरा काढून दोरी धरली आणि ओढू लागला. थोड्याच वेळात त्याने तळहात उघडून पाहिले. कातडी सोलवटून रक्त आले होते. तो नवलाने बघत राहिला. मग माझ्याकडे दृष्टी गेली तसा रांगेतून निघाला आणि दोरीचे टोक दोन्ही तळहातांवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोरीला ओले लाल डाग होते.

“बाईनू,” तो म्हणाला. पुढचे वाक्य त्याने म्हटले नाही.

मी हात मागे घेतले. दोन्ही रांगा ओढायच्या थांबल्या. तो तसाच उभा राहिला, फार वेळ, मूल उभे राहते तसा. मग वळला, दोरी वाळूत टाकली आणि जाळे वर यायच्या आधीच गाडीत बसून निघून गेला. वाटे दुसऱ्या कोणी घातले, वजनकाट्यावर. त्यानंतर तो वाडीत आलेला नाही.

दुपारी आमच्या फाटकाला मासळीची पिशवी अडकवलेली होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. कुंपणापलीकडून इंदूवहिनी म्हणाल्या, “बाईनू, भितुर घेवा ती. मांजर खायत.”

“माझा हात लागला नाही, वहिनी.”

“असूंदे ओ. वाटो तो वाटो.” त्या मासे साफ करत होत्या, हात खवल्यांनी चमकत होते. थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाल्या, “गुरुजींनी पण लावक होयो होतो हात. आज आसते.”

त्यांनी ते मायेने म्हटले. साऱ्या वाडीत बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला होता.

गुरुजींची खुर्ची मी सुताराकडून जोडून घेतली आहे. एक पाय आखूड झाल्यामुळे ती डुगडुगते. संध्याकाळी ती वाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवते आणि वाचत बसते. डंपर येत नाहीत. खाडीत आता काढण्यासारखी वाळूच राहिलेली नाही.