रेणुकाच्या लॅपटॉपचा आवाज

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीतला मूर्ख मी आहे. म्हणजे वाचताना तो कोण हे कोणाला शोधत बसावं लागणार नाही.

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पंजाबराव म्हणून कोणालाही विचारा. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि रेडिओ संपले तेव्हा कंप्युटरकडे वळलो. लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घालायचं आणि ती पुन्हा पळवायची, हा माझा छंद, आणि खरं सांगायचं तर माजही. माझ्या लिनक्सवर कोणी शंका घेतली की माझा पारा चढतो.

चार वर्षांपूर्वी रेणुका दुकानात आली ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून. वडील म्हणजे वडनेर भोलजीचे शेषराव, कपाशीवाले शेतकरी. रेणुकाची नजर सातव्या वर्षी तापात गेली. अंधांच्या शाळेत बारावी केली, मग घरी बसून बी.ए. तिने काउंटर चाचपला आणि सरळ विचारलं, "काका, बोलनारा कंप्युटर हाय का? पडद्यावरचं वाचून दाखोनारा?"

मी एका जुन्या लॅपटॉपवर तसा प्रोग्राम बसवून दिला. बटण दाबलं की तो अक्षर बोलतो, फाईल उघडली की ओळ न् ओळ वाचतो. त्याचं मराठी म्हणजे सर्दी झालेल्या हवालदाराचं. महिन्याभरात रेणुकाने त्याला इतकं भरधाव केलं की मला एक शब्द कळेना. तिला सगळं कळत होतं.

पहिल्याच दिवशी घरात तो आवाज ऐकून शेषराव म्हणाले होते, "हे कोन बडबडून राह्यलं बे? बंद कर बरं." तेव्हापासून ती हेडफोन लावूनच बसायची. चार वर्षं. तिची आई रुखमाबाई गेल्यापासून घरात दोघंच. बापाला वाटायचं, पोरगी गाणी ऐकते. ऐकू दे, तेवढंच मन रमतं.

ती गाणी ऐकत नव्हती. ती शिकत होती. दुपारी मला फोन करून असे प्रश्न विचारायची की गिऱ्हाइकाला थांबवून मलाच आधी उत्तर शोधावं लागायचं.

मागच्या डिसेंबरात मलकापुरातल्या अंध मुलांच्या एका छोट्या शाळेचा निरोप आला. मुलांना कंप्युटर शिकवायला बाई हवी होती. शाळेच्या संजीवनी मॅडम रविवारी घरी येऊन रेणुकाचं काम पाहणार होत्या आणि वडिलांशी बोलणार होत्या. वडिलांचं म्हणणं ठरलेलं होतं. "एकटी कशी राह्यीन ते? जायाचं तं मी बी येतो, दोघाची खोली करू. पन मंग वावर कोन पाह्यीन?" म्हणजे ती जाणार नाही. त्यांना राग नव्हता, नुसती भीती होती. ती भीती घालवायला रेणुकाच्या हातात एकच गोष्ट होती, मॅडमसमोर आणि त्यांच्यासमोर काम करून दाखवणं.

बुधवारी तिने तयारी म्हणून हेडफोनची पिन काढली. स्पीकरमधून आवाज यायला हवा होता. आला नाही. पिन परत खोचली तर हेडफोनमध्ये आवाज ठणठणीत. आता आपला स्पीकर बंद पडला तर आपलं गाणं बंद होतं. तिचा, हेडफोन काढला की, अख्खा पडदाच विझतो. आणि मॅडमला, वर्गातल्या मुलांना, हेडफोनमधलं काय ऐकू येणार?

तिने फोन लावला. एका कानाला मी, दुसऱ्या कानाला हेडफोन.

"काका, मशीन म्हनते हेडफोन लागेल हाय."

"मग लागलेलाच असेल ना."

"नाई नं. पिन माह्या हातात व्हती तवाचं सांगून राह्यली."

पिन काढली की तिला काही ऐकू येत नाही, मग हे तिला कळलं कसं? तिने कमांडच अशी लिहिली होती की मशीनने दहा सेकंद थांबायचं आणि आवाज कुठल्या वाटेने जातोय ते फाईलमध्ये लिहून ठेवायचं. तेवढ्यात तिने पिन उपसली, वीसपर्यंत मोजलं, पिन पुन्हा खोचली आणि फाईल वाचून घेतली. खरं तर मी उठून सलाम ठोकायला हवा होता. मी म्हणालो, "तुझं मोजणं चुकलं असेल."

मग तीन दिवस मी तिला राबवलं. म्यूट काढ, आवाजाची यंत्रणा बंद करून पुन्हा चालू कर, आवाजाचा प्रोग्राम काढून पुन्हा घाल. जबरदस्तीने स्पीकरकडे ढकललं की क्षणभर आवाज यायचा, आणि पुन्हा हेडफोनकडे पळायचा. शुक्रवारी ती हळूच म्हणाली, "काका, ते पिनचं भोक पाहा लागते कोनाले तरी. कापूस तं नसन गेला? घरात लय कापूस हाय."

मी फोनवर खेकसलो. कापसाचा आणि सेटिंगचा काय संबंध, मी कालचा पोरगा आहे का, असं बरंच. ती म्हणाली, "बरं काका." त्या "बरं काका"ची मला आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी एस.टी.ने वडनेरला गेलो. आत पाय ठेवला आणि समजलो. भाव चढेल म्हणून मधल्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस रचलेला, आणि लॅपटॉपचं टेबल त्या ढिगालाच टेकलेलं. मोबाईलचा उजेड पिनच्या भोकात मारला. आत पांढरं. प्रत्येक वेळी पिन खोचताना ते तंतू आणखी आत रेटले जात होते आणि आतली धातूची पट्टी दाबून धरत होते. मशीनला वाटत होतं, पिन अजून आतच आहे. रेडिओतही हेच व्हायचं. वीस वर्षं मी अशीच भोकं साफ केली होती!

"रेणुका, तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "मी गाढव आहे."

"असू द्या काका," ती म्हणाली आणि हसली. तिने मला किती लवकर माफ केलं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

काढायला गेलो तर माझा चिमटा आतपर्यंत पोचेना. शेषराव इतका वेळ दारात उभे होते. "सरका," म्हणाले. उदबत्तीची काडी आणून त्यांनी ती दाताने बारीक केली, गुडघ्यावर बसले आणि काडी भोकात घालून हळूहळू पीळ देऊ लागले. बायको गेल्यापासून देवापुढची वात तेच वळतात. तंतू काडीला गुंडाळले जाऊन बाहेर आले.

रेणुकाने बटण दाबलं आणि लॅपटॉप बोलला. मुलांसाठी रेणुकाने त्याचा वेग कमी करून ठेवला होता, त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता.

"पाठ पहिला. घाबरू नका. चुकीचं बटण दाबलं म्हणून कंप्युटर मरत नाही. आवाज गेला तर आपलंच चुकलं असं लगेच समजू नका. मला हाक मारा. बाकं कुठं आहेत ते मी पाठ केलेलं असेल. मी तुमच्यापर्यंत येईन."

शेषराव काडी हातात धरून तसेच बसून राहिले.

"हे तू लिव्हलं?"

"हाव बाबा."

"मी समजत व्हतो तू गाने आयकतं." काडीवरचा कापूस बोटाने सोडवत म्हणाले, "मले काऊन नाई आयकवलं कधी?"

"तुमाले याचा आवाज आवडत नाई नं."

शेषरावांनी काडी खाली ठेवली. ते म्हणाले, "पुढचं लाव." अकरा पाठ होते. ते त्यांनी खाली बसूनच ऐकले, मधे एकदा चहा ठेवायला उठले तेवढेच.

मॅडम आल्या, तासभर बसल्या, रेणुकाला दहा कामं सांगितली आणि दहाही झालेली ऐकली. त्यांचा होकार लगेच होता. शेषरावांना विचारलं तर ते "पाहू" म्हणाले आणि अंगणात गेले. रेणुकाचा चेहरा उतरला.

परत निघालो तेव्हा ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. लांबून दिसली तेव्हा म्हणाले, "पंजाबराव, शाळेपाशी एक खोली पाहून ठेवजा."

"ठेवतो की. तुम्हा दोघांना पुरेल अशी पाहतो."

गाडी येऊन थांबली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी मागून माझा दंड धरला.

"दोघाची नाई," ते म्हणाले. "तिच्या एकटीचीच पाहा."