नुसती वॉर्निंग

बी.एस्सी. झाल्यावर मला सयाजीगंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासला घालण्यात आलं. घालण्यात आलं असंच म्हणायला हवं. घरी स्थळं बघणं सुरू होतं, आणि तोवर मुलीने दिवसभर काय करायचं, एवढाच त्यामागचा विचार. नव्वदीनंतरची वर्षं होती ती. बडोद्यात जिकडे तिकडे असे क्लास निघाले होते.

माझी बॅच दुपारी दोनची. बाहेर ऊन पांढरंफटक. चपला दाराशी काढून आत गेलं की एसीचा गारवा, जाड पडदे, तळव्यांना थंड फरशी आणि काळोखात दहा स्क्रीनचा निळा उजेड. सगळी मशीन्स एका सुरात गुणगुणत असायची. तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. अर्धी बॅच पेंगायची, त्यात मीही असायचे.

एका मशीनवर दोघं बसायचे. माझ्या वाट्याला पन्नाशी ओलांडलेले एक काका आले होते. मूळचे जळगावकडचे, बाजव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला. मीटरवरचे आकडे वाचून वहीत उतरवायचे, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम.

"आता तिथे कॉम्प्युटर येणारेत," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "मला म्हणतात, तुम्ही स्टोअरमध्ये बसा. मी म्हटलं, आधी शिकून तर बघू द्या."

ते एका बोटाने टाइप करायचे, आणि अर्धविराम आला की दर वेळी मोठ्याने "सेमीकोलन" म्हणायचे. त्या आवाजाने मला जाग यायची.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या मनाने एक प्रोग्राम लिहिला. एका पाळीतली आठ तापमानं द्यायची आणि सरासरी काढायची. बेरजेसाठी वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामच्या आतला छोटा प्रोग्राम, आणि त्यात बेरीज साठवायला 'टोटल' नावाची जागा. आकडे त्यांना तोंडपाठ होते आणि उत्तर बासष्ट यायला हवं, हेही ठाऊक होतं. आलं उणे दोन हजार एकशे तेरा.

"एवढ्या थंडीत आम्ही जगलो असतो का, बेटा?" ते म्हणाले. मला हसू फुटलं आणि झोप पार उडाली.

प्रोग्राम फंक्शनपर्यंत पोचतोय की नाही हे बघायला मी त्याच्या आधी एक ओळ घातली. 'इथे आलो' एवढंच छापणारी. आणि उत्तर आलं बासष्ट! ओळ काढली, पुन्हा उणे दोन हजार. घातली, बासष्ट. आम्ही दोघं त्या निळ्या उजेडात एकमेकांकडे बघत राहिलो.

सरांना बोलावलं. ते गुजराती, आमच्याच वयाचे म्हणजे माझ्या. त्यांनी उत्तर पाहिलं आणि म्हणाले, "आवी गयुं ने? तो लाइन रहेवा दो." आलं ना, मग राहू दे ती ओळ.

"पण सर, का आलं?" काकांनी विचारलं.

"काका, जवा दो ने," म्हणत सर पुढच्या मशीनकडे गेले.

काका उठले नाहीत. प्रोग्राम कंपाइल केल्यावर, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून घेतल्यावर, खाली एक पिवळी ओळ यायची, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे रोज येतं. काय आहे हे?"

"नुसती वॉर्निंग आहे," मी म्हणाले. "एरर नाही. सर म्हणतात, सोडून द्यायची."

"मीटरवर लाल दिवा लागला तर आम्ही सोडून देतो का? वाच बघू."

मी पहिल्यांदाच ती ओळ नीट वाचली. वाचता वाचता सांगितलं, "टोटलला किंमत देण्याच्या आधीच तुम्ही तो वापरताय बहुतेक, असं म्हणतंय."

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, काटा शून्यावर आणलाच नाही आपण! मागच्या कोणीतरी टाकून गेलेल्या आकड्यावरच बेरीज चढवतोय."

ते अगदी खरं होतं. फंक्शनला मेमरीत मिळालेली जागा आधीच्या कामाने वापरून सोडलेली, आणि त्यात जे उरलेलं असेल तिथून आमची बेरीज सुरू होत होती. मी घातलेल्या ओळीने जाता जाता तिथे योगायोगाने शून्य ठेवलं होतं. काकांनी सावकाश टाइप केलं, टोटल बरोबर शून्य, सेमीकोलन. माझी ओळ काढून टाकली. पिवळी ओळ गेली. बासष्ट.

मग आम्हाला नादच लागला. तोच टोटल 'मेन' या मुख्य फंक्शनच्या वर, सगळ्या फंक्शन्सच्या बाहेर लिहिला तर काही न सांगता शून्यापासून सुरू होतो. असं का? या वेळी सर थांबले, खुर्ची ओढून बसले. "बहारवाळाने झीरो मळे," ते म्हणाले, "अंदरवाळाने जे पड्युं होय ते." बाहेरच्याला शून्य मिळतं, आतल्याला जे पडलेलं असेल ते. त्या दिवशी तास संपल्याचं कोणालाच कळलं नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांनी गाडीवर सेव-उसळ खाऊ घातली. वडांच्या सावलीतून रिक्षा, सायकली तरंगत गेल्यासारख्या चालल्या होत्या. मला सगळं हळू हळू चालल्यासारखं दिसत होतं, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा इतकी लख्ख जागी होते.

कोर्स संपायच्या आधीच काका एके दिवशी पेढे घेऊन आले. त्यांना नव्या कंट्रोल रूममध्ये घेतलं होतं. "पोरं बटणं दाबतात," ते म्हणाले, "आकडा चुकला तर मात्र मला हाक मारतात." सरांनी दोन पेढे घेतले. काका त्यानंतर क्लासला आले नाहीत, शिफ्ट बदलली.

त्याच आठवड्यात रविवारी एका स्थळाकडची मंडळी मला बघायला येणार होती. शनिवारी संध्याकाळी बाबा पेपर वाचत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मला पुढचा कोर्स करायचाय. वर्षभराचा. आणि नंतर नोकरी."

आतून आईच्या हातातलं भांडं थांबल्याचं कळलं. बाबांनी पेपर खाली केला.

"आणि उद्याच्या मंडळींना काय सांगू?"

"खरं तेच सांगा."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग उठून फोनपाशी गेले आणि डायरीत त्या मंडळींचा नंबर शोधू लागले.