सांतादेवाचा मान

माणसानं कुणावर जळावं याला काही मर्यादा असावी. शेजाऱ्याच्या बोअरवेलला पाणी लागलं म्हणून जळावं, मेहुण्यानं नवी गाडी घेतली म्हणून जळावं. मी जळत होतो सांताक्लॉजवर. चाळिशीला आलेला बाप्या, मुरबाड-कल्याण रस्त्यावर रोज जीप हाकणारा, एका पोरीचा बाप. बायकोला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "त्या कापसाच्या दाढीवर जळता काय तुमी?" मी म्हटलं, नाय. पण जळत होतो.

हा सांता आमच्या गावात आला कसा, ते आधी सांगतो. लोकांना वाटतं शाळेतून आला, नाहीतर मोबाईलमधून. तो माझ्या जीपमधून आला.

माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणतो. तो तेव्हा कल्याणला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात माल उचलायला होता. डिसेंबरात मालकानं त्याला लाल डगला चढवून, दाढी लावून दारात उभा केला. येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवायचा, पोरांना गोळ्या वाटायच्या. सण सरल्यावर बगलेत उसवलेला तो डगला दुकानवाल्यांनी टाकायला काढला आणि दादानं पिशवीत भरला. शेवटच्या फेरीला तो माझ्या बाजूच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर. दिवेलागणीला गावात उतरलो. पोरांना जरा हसवावं म्हणून त्यानं देवळापुढच्या अंगणातच डगला घातला, दाढी अडकवली आणि दोन गिरक्या घेतल्या. तिथंच घोटाळा झाला.

आमच्या गावात बोहाडा होतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. होळी झाली की देवांचे, राक्षसांचे मुखवटे बाहेर निघतात आणि गावातली माणसं ते लावून सांबळाच्या तालावर नाचतात. याला सोंग म्हणायचं. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पूर्वीपासून ठरलेलं असतं, तो त्या घराचा मान. मुखवट्याच्या आत कोण आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण सोंग चढलं की तो माणूस उरत नाही. त्याची बायको त्याला ओवाळते, त्याची आई त्याच्या पाया पडते. सोंग पायात काही घालत नाही आणि तोंडातून शब्द काढत नाही. काढला तर घराचा मान जातो.

दादा थोरल्या पातीचा, त्यामुळे त्यांच्या घराला गणपतीचं सोंग. आम्ही धाकल्या पातीचे, आमच्या घराला टेंभ्याचा मान. म्हणजे गणपती नाचणार आणि आमच्या घरचा माणूस पेटता टेंभा धरून त्याच्या पुढं उलट्या पावलांनी चालणार, गणपतीचं तोंड लोकांना नीट दिसावं म्हणून. माझ्या आजोबांनी हेच केलं, बापानं हेच केलं. हेव्याचं बियाणं आमच्या घरात विकत आणावं लागत नाही.

तर दादानं गिरक्या घेतल्या आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या मानकऱ्यानं विचारलं, "कुणाचं सोंग रे?" दादा दाढी हनुवटीखाली ओढून हसत म्हणाला, "सांता." म्हाताऱ्यानं हात जोडले. "नवा देव दिसतोय. वहाणा काढ आधी." दादानं बूट काढले. कुणीतरी नारळ आणला, कुणी कुंकू आणलं, बघता बघता आरती झाली. दादा पुरता अडकला. म्हातारा म्हणाला, सोंग एकदा अंगणात नाचलं की दर सालाला नाचवायला लागतं, मोडता येत नाय. झालं, थोरल्या पातीला आणखी एक देव मिळाला. आणि टेंभा कुणी धरायचा हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

पुढच्या सालापासून सांता आमच्यासारखा होत गेला. बूट गेलेच होते. कापसाची दाढी उंदरांनी नेली, तिच्या जागी अंबाडीचा वाख आला. आमच्याकडं मुखवटे करणारा एक आहे, त्यानं कागदाच्या लगद्याचं तोंड करून दिलं. गाल गुलाबी करायला सांगितले होते, पण हाताला वळण रावणाचं. भुवया चढल्या त्या चढल्याच. कपाळ मोकळं बरं दिसत नाही म्हणून त्यानं आपल्या मनानं गंध रेखलं. झोळीत चॉकलेटाऐवजी बोरं, पेरू, चिक्की आणि पेन्सिली. भाताची झोडणी उरकून पेंढा रचलेला असतो, बायामाणसं जरा मोकळी असतात, त्या दिवसांत हा देव येतो. म्हाताऱ्या बायका त्याला सांतादेव म्हणतात.

आमच्या शाळेतल्या बाई मुरबाडहून माझ्याच जीपनं येतात, पुढच्या सीटवर बसतात. त्यांनी मला एकदा त्याची मूळ गोष्ट सांगितली. फार पूर्वी दूरच्या एका समुद्रकाठच्या गावात एक धर्मगुरू होता. गावात एका गरिबाच्या तीन मुली लग्नाच्या होत्या आणि घरात दमडी नव्हती. या धर्मगुरूनं गुपचूप त्यांच्या खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकली. नाव सांगितलं नाही, थांबलाही नाही. तो गेल्यावर लोक त्याच्या नावानं मुलांना खाऊ ठेवू लागले. मग गोष्ट बोटीत बसून दुसऱ्या देशांत गेली. कुठं तो घोड्यावरून येऊ लागला, कुठं हरणांच्या गाडीतून. चित्रकारांनी त्याला लठ्ठ केलं, दुकानदारांनी दारात उभा केला.

मी गिअर टाकत विचारलं, "मग त्या मुलींचा बाप काय म्हणाला?"

बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"नाय, लेकी त्याच्या. लग्नं लागली दुसऱ्याच्या पैशावर. त्याला कसं वाटलं असंल?"

बाई म्हणाल्या, ते काही गोष्टीत नाही. पण मला तो बाप दिसत होता. जन्मभर त्या मुली खिडकीकडं बघत असणार, आणि हा तिथंच खाली बसलेला.

कारण माझ्या घरी तेच चाललं होतं. मी सकाळी जीप काढतो तेव्हा पोरगी झोपलेली असते, परततो तेव्हा पेंगत असते. ती पेंगत असतानाच मी तिला विचारतो. शाळेत काय झालं? कुणी मारलं काय? काय पाहिजे? ती म्हणते, काय नाय. आणि सांतादेव अंगणातल्या बाकड्यावर बसला की हीच पोरगी रांगेत पहिली. मुखवट्याच्या रंगवलेल्या कानाला तोंड लावून बोलत सुटते. मागची पोरं ढकलतात तरी हिचं संपत नाही. मी दोन हात अंतरावर टेंभा धरून उभा. तिच्या तोंडावर उजेड मीच पाडतो आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. हा हेवा आजारपण असता तर डॉक्टरकडं तरी गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "तुझ्या पोरीला चुंबकाच्या झाकणाची कंपासपेटी पायजे, बरं का." मी मुरबाडच्या बाजारात तीन दुकानं फिरून ती आणली, उशाशी ठेवली. सकाळी तिनं पेटी उघडली, मिटली, उघडली, मिटली, आणि अंगणात जाऊन देवळाच्या दिशेनं हात जोडले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी तिथंच दात घासत उभा होतो.

दादाचा राग करावा तर त्याचा दोष नव्हता. तरी मी त्याला पाण्यात बघू लागलो. त्याच्या अंगणात गाडी लावायची सोडली. आणि गेल्या साली सोंगाआधी देवळात गावकी बसली तेव्हा मी उठलो. म्हटलं, गणपती थोरल्या पातीचा, मान्य. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण हा देव काही वाडवडिलांनी दिलेला नाही. हा कल्याणवरून आला, आणि आला तो माझ्या जीपमधून. देव ज्याच्या वाहनातून गावात येतो त्याचा पहिला हक्क, की पिशवी धरणाऱ्याचा?

लोक हसले. म्हातारा मानकरी हसला नाही. वाहनाचा मुद्दा त्याला पटला. त्यानं दादाकडं बघितलं. दादानं खांदे उडवले. "करू दे त्याला. माझंबी गुडघं दुखतंत." इतक्या सहज त्यानं ते सोडून दिलं, त्याचंही मला वाईट वाटलं. ज्यासाठी मी दोन वर्षं कुढलो ते त्याला जड झालं होतं.

घरी मी काही सांगितलं नाही, आणि गावकीलाही पोरीच्या कानावर घालू नका म्हणून विनवलं. बायकोला फक्त म्हटलं, उशीर होईल. मला पोरीचं बोलणं ऐकायचं होतं, तेवढंच. तिला काय पाहिजे ते दादाच्या फोनवरून नको, तिच्या तोंडून पाहिजे होतं.

देवळामागं डगला चढवला. मुखवटा बांधला तेव्हा आत जुन्या कागदाचा आणि दादाच्या तंबाखूचा वास. टेंभा दादानं धरला. सांबळ वाजू लागला, मी नाचलो, बरा नाचलो असं नंतर लोक म्हणाले. बाया पाया पडल्या, माझी सख्खी बायकोसुद्धा पडली, आणि मी बाकड्यावर बसलो. मुखवट्याच्या भोकातून रांग दिसत होती. पहिली तीच. तिनं एकदा मागं वळून गर्दीत बघितलं, कुणाला तरी शोधत होती. मग जवळ आली, माझ्या मांडीवर हात टेकला आणि कानाला लागली. इतक्या विश्वासानं ती माझ्या अंगाला कधी लागली नव्हती, आणि लागली ती दुसऱ्याच्या. मला माझाच हेवा वाटला.

ती म्हणाली, "आज माझा बाबा नाय आला. त्याला तुझा राग येतो. पन तो चांगला हाय. तू त्याच्यावर रागावू नको."

बस, एवढंच. मागितलं काही नाही.

माझा ताबा सुटला. "नाय गो," मी म्हटलं, "कोन रागवतंय तुझ्या बाबावर!"

आवाज माझा. ज्या आवाजात मी रोज कल्याण-कल्याण ओरडतो तो. सांबळ थांबला. दादाच्या हातातला टेंभा खाली आला.  पोरगी एक पाऊल मागं सरली, मुखवट्याच्या भोकांतून माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं आता हसेल, गळ्यात पडेल. तिनं आपला हात त्या रंगवलेल्या तोंडावर दाबून धरला आणि दबक्या आवाजात ओरडली, "बाबा, गप! सोंग बोलत नसतं!"

मान गेला. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ वाढवला, चूक कबूल केली. म्हाताऱ्यानं पाठीवरून हात फिरवला पण निकाल बदलला नाही. धाकल्या पातीकडं सांतादेव एका संध्याकाळपुरता आला आणि गेला. शाळेत पोरं तिला चिडवत होती, तुझ्या बापानं देव बाटवला म्हणून. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते जेवायला बोलवायला.

परवा पुन्हा दादा नाचला, गुडघ्याला पट्टा बांधून. टेंभा माझ्या हातात. मला वाटलं होतं, आत माणूस असतो हे इतकं ढळढळीत कळल्यावर पोरगी काही रांगेत उभी राहणार नाही. ती उभी राहिली. कानाला लागली. मागच्यापेक्षा जास्त वेळ बोलली. एकदा तर हुंदका दिल्यासारखी वाटली. मी नकळत पुढं झुकलो, तर म्हातारा पायरीवरून खेकसला, "टेंभा सरल धर रे!"

येताना ती पेरू खात माझ्याबरोबर चालत होती. शेणाच्या वासाची, पेंढ्याच्या उडव्यांमधली ती वाट, पुढं बायको गेलेली, आम्ही दोघंच. मी विचारलं, "आत तुझा काकाच असतो, ठाव हाय ना तुला?"

"हाय ठाव."

"मग त्याला सांगतीस ते मला का नाय सांगत?"

तिनं जरा विचार केला. रागानं नाही, मला दुखवायचं म्हणूनही नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "तू मधीच बोलतोस. तो नुसता ऐकतो."

घर तिथून दोनशे पावलांवर होतं. तेवढी वाट तरी गप चालावं, असं मी मनाशी ठरवलं. निम्मी चाललो असेन. मग माझ्याच्यानं राहवेना, मी म्हटलं, "बरं, रडलीस कशाला तेवढं तरी सांग." तिनं पेरूचा राहिलेला तुकडा तोंडात घातला आणि आईला गाठायला पुढं पळाली.