ताईच्या बैलाचा चौथा खूर

मी शहापुरात एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो आणि दर शुक्रवारी एका ऑनलाइन खेळाच्या बातम्या मराठीत लिहितो. पहिल्या कामाचे पैसे मिळतात. दुसऱ्याचे मिळत नाहीत, पण शिव्या मात्र वेळेवर मिळतात.

खेळ मोठा आहे. जगभरातले लोक एकाच वेळी त्यात असतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते हळूहळू वाढवायचं, चारचौघांची टोळी करायची आणि एकट्याने न मरणारे राक्षस मिळून मारायचे. कंपनी दर थोड्या दिवसांनी नियम बदलते आणि त्याचं लांबलचक पत्रक इंग्रजीत काढते. ते वाचून आमच्या भागातली पोरं मला विचारायची, म्हणजे नक्की काय झालं रे? एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं, म्हणून मी पान काढलं. बातमी लिहिली की खाली मतं येतात. इतक्या दिवसांत मला एवढंच कळलं की, ज्याने खेळ महिनाभर उघडलेला नसतो त्याचं मत सगळ्यात लांब असतं.

आमची टोळी आठ जणांची. पुढे उभा राहून राक्षसाचा मार खाणारा कसाऱ्याचा दादा. तो रेल्वेत आहे, घाटातल्या रुळांच्या देखभालीवर. शेणव्याचा एक वायरमन आहे, तो बाण मारतो. मी बाजूने तलवार चालवतो आणि चुका काढतो. बाकी चौघं मुरबाड बाजूची. आणि सगळ्यांच्या मागे उभी राहून जखमा भरणारी, म्हणजे आम्हाला जिवंत ठेवणारी, माझी थोरली बहीण. ती धसईजवळच्या एका गावात दिलेली. भातशेती, दोन मुलं आणि बाजाराच्या दिवशी भाजी. माझा जुना फोन मी तिला दिला, त्यात हा खेळ राहून गेला होता. तिने तो उघडला आणि मला न विचारता माझंच पात्र घेऊन चार दिवस हिंडली. मग मी तिला तिचं स्वतःचं काढून दिलं.

खेळात एक पंखांचा बैल आहे. तो आयता मिळत नाही. डोंगरातल्या एका राक्षसाला मारलं की बैलाचा एक भाग पडतो. शिंग, वशिंड, पंख, घुंगूर, चार खूर. सगळे भाग जमले की बैल उभा राहतो आणि त्याच्यावर बसून उडता येतं. राक्षसाशी आठवड्यातून एकदाच, रविवारी, लढता येतं, हरलं तरी पुन्हा संधी नाही, आणि तो मेला तर एकच भाग पडतो. बाकीच्या जगात त्या भागासाठी फासे टाकतात. ज्याचा आकडा मोठा, त्याचा भाग. त्यामुळे वर्षभर खेळूनही कुणाकडे दोन खूर, कुणाकडे एक शिंग, आणि बैल कुणाकडेच नाही.

आमच्याकडे फासे कधी पडलेच नाहीत. कुणी ठरवलं असंही नाही. पहिल्याच रविवारी कसाऱ्याचा दादा म्हणाला, "सावड करू ना, त्यात काय!" आणि सगळे हो म्हणाले. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, अशीच होते. आज सगळी तुमच्या खाचरात वाकतील, उद्या तुम्ही सगळ्यांसह दुसऱ्याच्या खाचरात. मजुरी नाही, फक्त पाळी. तसंच इथेही. एकाचा बैल पूर्ण होईपर्यंत पडेल तो भाग त्यालाच, मग दुसऱ्याची पाळी. दुबार पडलेला भाग दुसऱ्या टोळ्यांशी बदलून घ्यायचा. ज्याचं रोप आधी तयार, त्याची आवणी आधी, या हिशेबाने ज्याचं पात्र मोठं त्याचा बैल आधी. ताई सगळ्यात नवी, म्हणून तिचा नंबर शेवटचा. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचं शेत सखल आहे, खऱ्या आवणीतही तिची पाळी शेवटीच येते.

पण बैल तिला हवा होता. आम्हाला तो मिरवायला हवा होता, तिला नुसताच हवा होता. तिच्या घरच्यांनी नांगरणीला पॉवर टिलर घेतला आणि घरची बैलजोडी विकली. टिलर चांगला आहे, कमी खातो, ताई स्वतःच सांगते. एकदा मी तिला म्हटलं, तुला उडायची एवढी काय हौस आहे? तर म्हणाली, "उडायचं कोणाला हाय रे? दावण रिकामी बघवत नाय. ह्याला निदान रोज बघन तरी."

एकेकाचे बैल होत गेले. ताईने कधी एक रविवार चुकवला नाही. भाकऱ्या थापून, दिवा लावून ओटीवर येऊन बसायची आणि सात जणांच्या जखमा भरायची. शेवटी तिची पाळी सुरू झाली तेव्हा झाडांना आंबे होते. शिंगं आली, पंख आले.

आणि मग कंपनीचं पत्रक आलं. यापुढे पडलेला भाग ज्याला मिळेल त्यालाच चिकटेल. कुणाला देता येणार नाही, बदलता येणार नाही. आठही जणांना आपापला भाग आपापल्या नशिबाने मिळेल. खेळात भाग विकण्याच्या नावाखाली लोक एकमेकांना फसवत होते, ते थांबवायला हा नियम. लागू होणार आषाढातल्या एका गुरुवारी.

मी बातमी लिहिली. लिहिताना डोकं तापलं होतं. जगभरच्या खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर जाऊन बघतो तर सगळीकडे आनंदीआनंद. बरं झालं, आता कुणाचं तोंड बघायला नको. आता माझं ते माझं. मला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी आमची सावड समजावून सांगितली. आमची एक बाई शेवटच्या पाळीची आहे, सात जणांना बैल मिळाले, तिला मिळायचा आहे, हा नियम तिच्या घरावरून नांगर फिरवतोय, असं लिहिलं. उत्तरं आली. कुणी म्हणालं, गोड आहे पण भोळं आहे. कुणी म्हणालं, असल्या पद्धतीनेच फसवणूक होते. एकाने मात्र सरळ विचारलं, ज्यांना बैल मिळाले ते शेवटच्या माणसासाठी आलेच नाहीत तर?

मी ताठ्यात लिहिलं, आमच्याकडे असं होत नाही. तीस-चाळीस जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले.

एक गोष्ट मात्र आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पाळ्या लावताना आम्ही रविवार मोजले, महिने नाही मोजले. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत कुणी साखरपुडासुद्धा ठरवत नाही, पाव्हणाही येत नाही. आणि आम्ही आठ शहाण्यांनी, त्यातली सहा भात पिकवणाऱ्या घरची, ताईची पाळी बरोबर आवणीत नेऊन ठेवली होती. बाहेरच्या कुणी अशी चूक केली असती तर आम्ही हसून हसून मेलो असतो.

आषाढ लागला आणि माणसं दिसेनाशी झाली. दिवसभर चिखलात वाकून आलेला माणूस संध्याकाळी फोन धरेल कसा? त्याचा अंगठा वळत नाही. कसाऱ्याच्या दादाला पावसात घाटावर पहारा, दरड कधी येईल सांगता येत नाही. वायरमनची तर खांबावरून सुटका नव्हती. एका रविवारी पाच जण आले, आम्ही हरलो. त्या आठवड्याचा भाग गेला. ताईच्या बैलाचा चौथा खूर तेवढा राहिला होता. विकत घ्यावा म्हटलं तर त्या दिवसांत सगळ्या जगाने आपापले सुटे भाग मुठीत धरले होते.

आता एकच रविवार हातात होता. मी दुकानातून एकेकाला फोन लावले. रागातच लावले. हसरे चेहरे टाकणारे ते लोक डोळ्यांपुढून जात नव्हते. ताईला कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "कशाला लोकांना तरास देतंस? ज्याच्या त्याच्या आवण्या पडल्यात. त्या बैलापायी कोणी खाचर सोडून यायचं नाय, सांगून ठेव." मी सांगून ठेवलं नाही.

रविवारी दिवेलागणीला मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि खेळ उघडला. डोंगराच्या पायथ्याशी कसाऱ्याचा दादा आधीच उभा होता. त्याने ड्यूटी बदलून घेतली होती. वायरमन आला. मुरबाडकडची चौघंही आली. त्यातल्या एकाने बोलायचं बटण दाबून सांगितलं, "पाय धुतलं नाय अजून, तसाच बसलोय." मग ताई आली. तिच्या फोनमधून ओटीवरच्या पावसाचा आवाज येत होता. मला इतका आनंद झाला की, मी पहिल्यांदाच कुणाची चूक काढली नाही.

लढाई उत्तम चालली होती. राक्षस अर्ध्याखाली आला. दादा मार खात होता, ताई भरत होती. राक्षसाचा जीव बोटभर उरला असेल आणि ताईचं पात्र जागच्या जागी थांबलं. आधी आम्हाला वाटलं, ती काही विचार करतेय. मग पावसाचा आवाजही बंद झाल्याचं लक्षात आलं. धसईची वीज गेली होती आणि तिच्यामागे टॉवर. दादा ओरडत होता, "ताई, भरा! ताई, भरा ना!" तो पडला. मग एकेक करून आम्ही सगळे पडलो. सगळ्यात शेवटी ताईचं पात्र, जे काठी धरून नुसतंच उभं होतं. वायरमन म्हणाला, "धसई माझ्या हद्दीत नाय हो." जणू आम्ही त्याला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन लागला. ती रडली असणार, आवाज बसला होता. मी कंपनीला शिव्या घातल्या, वीजवाल्यांना घातल्या, पानावर काय काय लिहिणार ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळे आले रे. माझ्याच पाळीला मीच नव्हते." मी म्हटलं, यात तुझा काय दोष? तर म्हणाली, "दोष नाय म्हणत मी. आता सगळ्यांना सांग, तुमची सावड फिटली. मानूस आला म्हंजे फिटली. मंग पावसानं रोप व्हावून नेलं तरी परत बोलवायचं नसतं."

हे खरंच आहे. सावडीत काम किती झालं ते बघत नाहीत, माणूस आला का ते बघतात. आलेल्याच्या अंगावर काही राहत नाही. मी टोळीला तसं कळवलं. कुणी काही उत्तर दिलं नाही. गुरुवारी नियम लागू झाला. बातमी मी दोन ओळींत संपवली. चर्चेच्या पानावर त्या माणसाचा प्रश्न तसाच होता. त्याच्याखाली मी लिहिलं, सगळे आले होते, तरी बैल झाला नाही. या वेळी कुणी हसलं नाही. कुणी वाचलंच नसेल.

पुढच्या रविवारी सवयीने मी खेळ उघडला. मला वाटलं होतं, सगळे नव्या बेटावर गेले असतील. त्याच पत्रकात नवं बेट निघालं होतं आणि सारं जग तिकडे धावत होतं. पण डोंगराच्या पायथ्याशी कसाऱ्याचा दादा उभा होता. मागोमाग वायरमन आणि मुरबाडकडची चौघं. मग ताई आली आणि वैतागली, "तुमची फिटली सांगितलं ना? मंग हितं कशाला?" दादा म्हणाला, "आम्ही कुठं काय बोललो? तुमी जखमा भरा." राक्षस मेला. दादाला खूर मिळाला. त्याच्याकडे स्वतःचा बैल आहे, खुराचा त्याला उपयोग शून्य, आणि द्यायची सोय नाही. ताईला मिळालं घुंगूर.

आता भात कापून, झोडून, घरात आलंय. आमच्यातल्या पाच जणांच्या पिशवीत एकेक खूर आहे. ताईकडे माळ ओवता येईल एवढी घुंगरं झालीत. खेळात पिशवीची जागा फार अपुरी असते, नको ती वस्तू लोक तिथल्या दुकानात लगेच मोडून टाकतात. खूर कुणी मोडत नाही. दादा तर येताजाता ताईला ऐकवतो, "ताई, तुमचा खूर आमच्याकडं हाय, नीट ठेवलाय." ताई हसते. कधी हसत नाही. तिचा बैल तीन खुरांवर तसाच अडून आहे.

गेल्या रविवारी आम्ही डोंगराखाली जमलो असताना एक परका खेळाडू उडत चालला होता. आता तिकडे कुणीच फिरकत नाही, म्हणून आम्हाला बघून तो खाली उतरला. इंग्रजीत विचारलं, सगळे बेटावर गेले, तुमच्याकडे तर बैल आहेत, मग इथे अजून काय करताय? मी उत्तर लिहायला घेतलं. सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार, म्हणून शब्द जुळवत बसलो. तेवढ्यात दादाने त्याला मराठीतच लिहून टाकलं आणि राक्षसाकडे चालायला लागला.

"एका घरची आवणी राहिलीय."